रेडिओनंतर काय

अंधेरी पूर्वेच्या ज्या कारखान्यात मी अकरा वर्षं काढली, तिथे माझं टेबल लाइनच्या अगदी शेवटी होतं. लाइनच्या पहिल्या टोकाला सर्किटची नुसती तपकिरी पाटी निघायची, मग एकेक बाई तिच्यावर एकेक भाग डाग देऊन जोडत जायची, आणि माझ्यासमोर येईपर्यंत तिचा रेडिओ झालेला असायचा. पण तो बोलायचा नाही, खरखरायचा, नाहीतर शिट्टी मारायचा. आतल्या बारक्या कॉइलचे स्क्रू कणाकणाने फिरवून स्टेशन नेमकं पकडायचं आणि ते हलू नये म्हणून वर मेणाचा थेंब सोडायचा, हे माझं काम. लोखंडी स्क्रूड्रायव्हर नुसता जवळ नेला तरी स्टेशन सरकतं. कंपनी प्लास्टिकचे द्यायची, ते आठवड्यात मोडायचे. शेवटी मी विणकामाची एक हिरवी प्लास्टिकची सुई आणली, तिचं टोक फरशीवर घासून चपटं केलं आणि तीच वापरत राहिले. माझ्या टेबलावरून गेलेला रेडिओ परत येत नाही, असं आमची सुपरवायझर सगळ्यांना सांगायची. मला ते ऐकायला आवडायचं.

सुपरवायझरला आम्ही आंटी म्हणायचो. मरोळकडच्या जुन्या गावठाणातली, मराठी बोलणारी ख्रिश्चन बाई, पन्नाशीला आलेली. गाऊनवर कंपनीचा निळा कोट चढवून लाइनच्या मागे फिरायची. मी नवी लागले तेव्हा डागताना बोटं भाजायची, तेव्हा तिनेच माझा हात हातात धरून शिकवलं होतं.

ते दिवस कुणाच्याच नोकरीचा भरवसा नसण्याचे होते. माझा नवरा परळच्या गिरणीत होता आणि संपाला वर्ष उलटून गेलं होतं. पहिले काही महिने तो सभांना जायचा, मग आठवड्यातून एकदा जायला लागला, मग बोरिवलीच्या आमच्या बैठ्या चाळीत खोलीच्या उंबऱ्यावर बसून पेपर वाचायला लागला. शेजारपाजारचे सल्ले द्यायचे. कुणी म्हणे गावी जा, कणकवलीला घर आहे, काजू आहेत. कुणी म्हणे रिक्षा चालव. तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचा. घर माझ्या पगारावर चाललं होतं, आणि म्हणून पुढचा विचार मीच करायला हवा, असं मला वाटायचं.

मी तो केलाही होता. रंगीत टीव्ही आले होते आणि रेडिओच्या ऑर्डरी कमी होत होत्या, हे मला माझ्या टेबलावरूनच कळत होतं. कारखान्यातल्या तरुण इंजिनीअरने एकदा कँटीनमध्ये सांगितलं, लवकरच टीव्हीची लाइन सुरू होणार, निवडक बायकांना ट्रेनिंग देणार, यादीत माझं नाव आहे. त्याच आठवड्यात मी बोरिवली पश्चिमेला एका दुकानाच्या माडीवर रविवारी सकाळी चालणारा टीव्ही दुरुस्तीचा क्लास लावला. मास्तरांनी पहिल्या दिवशी विचारलं, भावाला घालायचंय का? मी म्हटलं, मलाच. वर्गात मी एकटीच बाई. पण माझा हिशेब साधा होता. कंपनीच्या ट्रेनिंगला जायचं ते आधीच शिकून जायचं, म्हणजे टीव्हीच्या लाइनवर मी सुपरवायझर. आंटीला मी हे सांगितलं तेव्हा तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "शीक. तुझ्या कामाला येईल."

त्यानंतरच्या एका सोमवारी आम्ही नेहमीसारख्या कामावर पोचलो तर गेट बंद. साखळी, कुलूप, आणि त्यावर डिंकाने चिकटवलेला इंग्रजी कागद. मला थोडंफार इंग्रजी यायचं म्हणून बायकांनी मला पुढे ढकललं. मी वाचलं. मागून विचारत होत्या, काय लिहिलंय, सुट्टी आहे का, संप आहे का. मी परत पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. वाटलं, आपल्यालाच अर्थ कळत नसेल. शेवटी म्हटलं, "कारखाना बंद केलाय." कुणीतरी विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, "दिवस लिहिलेला नाही."

वॉचमन आत होता. अकरा वर्षं रोज सकाळी तो आमच्या डब्यांवरून काहीतरी थट्टा करायचा. त्या दिवशी तो पाठ करून बसला होता. शनिवारी सुटताना मेणाच्या डब्यापासून मीटरपर्यंत सगळं मी जागच्या जागी ठेवून आले होते. गेटच्या फटीतून आमच्या शेडचं दार दिसायचं, ते उघडं होतं आणि आत पलीकडची भिंत दिसत होती. इतक्या वर्षांत ती भिंत मी कधी पाहिली नव्हती. लाइन मध्ये असायची. आता लाइनच नव्हती. टेबलं, स्टुलं, मीटर, पंखेसुद्धा नव्हते. रविवारच्या एका दिवसात कुणीतरी सगळं उचलून नेलं होतं. मी गेटचा गज धरला.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो तांदूळ निवडत होता. त्याचा हात थांबला, पण वर बघितलं नाही. म्हणाला, "आता दोगांय सारकीच झालों गो." आणि पुन्हा निवडायला लागला. मला त्याचा राग आला होता, आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडावंसंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही.

युनियनने गेटसमोर मंडप घातला. मशिनरी कुठे नेली ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणे वापीला, कुणी म्हणे विकून टाकली. आम्ही पाळीपाळीने बसायचो. आंटी सकाळी यायची नाही, नवऱ्याच्या पायाला ड्रेसिंग करायला न्यायचं असतं म्हणायची. पण तीनच्या सुमारास रोज यायची, मोठ्या पातेल्यात भात आणि कालवण घेऊन. सगळ्यांना वाढायची, मग माझ्या शेजारी बसून विचारायची, क्लासला जातेस ना? मी जात होते. का ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

महिन्याभराने मी दुसरी नोकरी शोधायला लागले. सकाळी बोरिवलीहून हायवेच्या बसने निघायचं, वाटेतल्या इंडस्ट्रियल इस्टेटी एकेक करून पालथ्या घालायच्या, दुपारी मंडपात पोचायचं. दिंडोशीच्या बाजूला, गोरेगावात, अंधेरीत, सगळीकडे तेच प्रश्न. वय किती? लग्न झालंय? मुलं? मला एक मुलगी होती, दुसरीत. वय सांगितलं की समोरचा माणूस कागद बाजूला ठेवायचा. बत्तीसाव्या वर्षी आपण म्हाताऱ्या झालो आहोत, हे मला त्या महिन्यात कळलं.

कांदिवलीला आकुर्ली रोडवरच्या एका इस्टेटीत मी तशीच शिरले. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्याबाहेर हाताने लिहिलेला कागद होता, इलेक्ट्रॉनिक कामासाठी मुली पाहिजेत. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. बाहेरच्या टेबलावरच्या कारकुनाने वय विचारलं आणि तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, अकरा वर्षं रेडिओचं ट्यूनिंग केलंय. तो उठलाच. "या, आत या," म्हणाला आणि पडदा बाजूला केला.

आत शिरताना मला आधी आवाज ऐकू आला. ट्यूनिंग चुकलेल्या रेडिओची शिट्टी. माझ्याच्याने तो आवाज सहन होत नाही, दात आंबतात. शेवटच्या टेबलावर अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी घामाघूम होऊन स्क्रू फिरवत होती, भलताच स्क्रू. मी काही विचार न करता तिच्या हातातून हत्यार घेतलं, दुसरी कॉइल पाव फेरा मागे घेतली, पहिली जरा पुढे, पुन्हा दुसरी. शिट्टी बारीक होत गेली आणि एका बाईचा आवाज स्वच्छ ऐकू आला, ती बाजारभाव सांगत होती. मी मेणाचा थेंब सोडला. मग हातातलं हत्यार खाली ठेवायला गेले आणि पाहिलं, तर ती माझी हिरवी सुई होती.

ते माझंच टेबल होतं. कडेला मेण गळून जमलेला पांढरा थर माझ्याच हातचा. त्यापुढे आमची सगळी लाइन होती, त्याच क्रमाने, तीच स्टुलं, तेच पंखे. फक्त स्टुलांवर आम्ही नव्हतो. सगळ्या विशीच्या आतल्या मुली माझ्याकडे बघत होत्या. इतके दिवस मी मंडपात बसून घोषणा देत होते आणि रोज दोनदा माझी बस या रस्त्याच्या तोंडावरून जात होती.  कुणावर तरी ओरडावं असं वाटत होतं, पण कुणावर? त्या मुलीवर? ती बिचारी तो नीट झालेला रेडिओ कानाशी धरून हसत होती.

तेवढ्यात आतल्या केबिनमधून निळा कोट घातलेली बाई बाहेर आली. ती आंटी होती.

 तिने मला हाताला धरून केबिनमध्ये नेलं आणि दार लावलं. बस म्हणाली. मी उभीच राहिले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, सकाळच्या पाळीला." तिने नजर चुकवली नाही. "त्या रविवारी सामान काढलं तेव्हा याद्या मीच केल्या."

म्हणजे शनिवारी संध्याकाळी गेटवर तिने मला सोमवारी भेटू म्हटलं, तेव्हा तिला ठाऊक होतं. क्लास लावल्याचं सांगितलं तेव्हाही बहुधा ठाऊक होतं. टीव्हीची लाइन, यादीतलं माझं नाव, सगळं आम्हाला गप्प ठेवायला केलेलं बोलणं. एकेक गोष्ट माझ्या डोक्यात उलटी होत गेली. मी एवढंच म्हणू शकले, "आणि रोज तू आम्हाला भात आणून वाढतेस."

"मग काय करू? उपाशी बघू तुम्हाला?"

मग ती खुर्चीत बसली आणि हळू आवाजात सांगायला लागली. कारखाना जिथे उभा आहे, तिथे तिच्या बापाची भातशेती होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. शेत सरकारने घेतलं, त्यावर कारखाने आले, आणि बापाने साहेबाचे पाय धरून तिला त्यातल्याच एका कारखान्यात लावलं. नवऱ्याचा पाय खरंच सडत चालला होता, ड्रेसिंग खरं होतं, फक्त ते संध्याकाळी असायचं. साहेबाने कांदिवलीला येतेस का विचारलं तेव्हा हो म्हणायला तिला एक रात्र मिळाली होती. "शेत गेलं तर कारखान्यात आले," ती म्हणाली. "कारखाना गेला तर कुठे जाऊ, तू सांग. मला दुसरं काय येतं?"

इतक्यात आमच्या जुन्या कारखान्यातला तो इंजिनीअर आत आला, मला बघून दचकला आणि मग एकदम खूश झाला. म्हणाला, बरं झालं तुम्हीच आलात, बोलावणारच होतो, मुलींना ट्यूनिंग जमत नाही, माल परत येतोय. त्यांना शिकवा, पगार आधीपेक्षा कमी असेल, पण नोकरी पक्की. मी विचारलं, पक्की म्हणजे किती वर्षं? त्याने मोकळेपणाने सांगितलं, "रेडिओचं आणखी दोन वर्षं चालेल. पुढचं पुढे बघू." त्याला त्यात काही वावगं बोललो असं वाटलंच नाही.

निघताना मी आंटीला म्हटलं, "उद्या दुपारी मंडपात तू स्वतः सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."  खाली उतरताना मी जिन्याच्या पायरीवर बसले. मला सगळ्यात मोठा धक्का बसला होता तो माझ्या स्वतःच्या हाताचा. शिट्टी थांबली तेव्हा मला आनंद झाला होता. क्षणभर का होईना, आपली इथे गरज आहे याचा आनंद झाला होता.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. मला खात्री होती, तो भडकेल. संपात फुटून कामावर गेलेल्या माणसांबद्दल तो काय काय बोलायचा ते मी ऐकलं होतं. तो म्हणाला, "माका विचारू नको. मी एकदा संपाचा ठरवलंय, तेचा फळ तू भोगतंस." मी म्हटलं, मी कधी तसं म्हटलं का? तो म्हणाला, "म्हटलं नाय, म्हणान सांगतंय. थंय जा की जाव नको, मी काय बोलूचंय नाय." लग्नाच्या नऊ वर्षांत प्रत्येक गोष्टीत शेवटचा शब्द त्याचा असायचा. आता तो शब्द त्याने माझ्या हातात ठेवला, आणि मला तो नको होता.

दुसऱ्या दिवशी आंटी तीन वाजता आली. पातेलं आणलं होतं. ते खाली ठेवलं, पण झाकण काढलं नाही. उभ्यानेच सांगायला लागली. कांदिवली, आकुर्ली रोड, दुसरा मजला. आपण स्वतः तिथे कामाला आहोत. पहिल्या दिवसापासून आहोत. कुणाला शिवी द्यायची असेल तर द्या, मारायचं असेल तर मारा. एवढं बोलून ती थांबली.

 कुणीतरी धावून जाईल, केस ओढतील, असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ते व्हावं असंही वाटत होतं. कुणी हललं नाही.  आमच्यातली सगळ्यात वयस्कर बाई, जी पहिल्या दिवसापासून एकही पाळी न चुकवता मंडपात बसली होती, जिच्या घोषणेला आम्ही सगळ्या साथ द्यायचो, ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "तिथे अजून जागा हायत का?"

त्या प्रश्नाने मी जितकी हादरले तितकी कुलपानेही हादरले नव्हते. कारण तो विचारल्यावर बाकीच्या बायकांनी माना वर केल्या. सगळ्यांना तेच विचारायचं होतं. आंटी रडायला लागली. मग पातेल्याचं झाकण काढून तिने वाढायला सुरुवात केली, आणि आम्ही जेवलो. मीही जेवले.

युनियनचा माणूस दुसऱ्या दिवशी कांदिवलीला जाऊन आला. गाळा दुसऱ्याच कंपनीच्या नावावर होता, कागदोपत्री आमच्या मालकाचा काही संबंध नव्हता. पत्रं गेली, तारखा पडल्या. तोवर मंडपातल्या निम्म्याहून जास्त बायका आकुर्ली रोडला कामाला लागल्या होत्या, ती वयस्कर बाईसुद्धा, पॅकिंगला. आंटीने एकेकीसाठी भांडून जागा करून घेतली. माझी जागा तिने शेवटपर्यंत मोकळी ठेवली होती असं मागाहून कळलं.

मी गेले नाही. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. पुष्कळांना वाटलं मी रागाने गेले नाही, तेही पूर्ण खरं नाही. त्या इंजिनीअरचं ते पुढचं पुढे बघू माझ्या कानात बसलं होतं. दोन वर्षांनी पुन्हा एक सोमवार येणार, पुन्हा एक कुलूप, आणि तेव्हा मी चौतिशीची असणार. दुसऱ्या गेटसमोर उभं राहायचं धाडस माझ्यात नव्हतं.

क्लासचे चार महिने उरले होते, ते पूर्ण केले. मास्तर म्हणाले, बाईला दुकानात कोण ठेवणार? दुकानात नाहीच कुणी ठेवलं. मग त्यांनीच एक तोड काढली. टीव्ही बिघडला की दुपारी घरात बायकाच असतात, परक्या मेकॅनिकला आत घ्यायला त्या तयार नसतात, नवरा येईपर्यंत थांबा म्हणतात. अशा घरी त्यांनी मला पाठवायला सुरुवात केली. पहिल्या घरी दार उघडणाऱ्या बाईने माझ्या मागे जिन्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, मेकॅनिक मागून येतोय का? मी आत जाऊन टीव्हीचं मागचं झाकण उघडलं तेव्हा ती खुर्ची घेऊन माझ्या शेजारी बसली, आणि काम होईपर्यंत उठली नाही. फ्यूज गेला होता, दुसरं काही नव्हतं. चित्र आलं तसं तिने शेजारणीला हाक मारून बोलावलं, टीव्ही बघायला नव्हे, मला बघायला. पुढच्या महिन्यात त्या एका बिल्डिंगमधून मला पाच घरं मिळाली.

आंटीचा गाळा दोन वर्षंही चालला नाही. सांगायला ती स्वतः आमच्या चाळीत आली होती, तिचा नवरा वारून महिना झाला होता.  जाताना म्हणाली, गावठाणात दोघातिघांचे टीव्ही बंद आहेत, पत्ता देऊ का? मी हो म्हटलं आणि गेले. तिनेच मला घराघरात नेलं, "ही माझ्या हाताखाली शिकली," असं प्रत्येकाला सांगत.

गिरणी पुन्हा नीट सुरू झालीच नाही. एका पावसाळ्यानंतर गच्च्यांवरच्या अँटेना वाकल्या, सगळ्यांच्या टीव्हीवर मुंग्या यायला लागल्या आणि मला एकटीला कामं आवरेनात. नवरा चप्पल घालून माझ्याबरोबर निघाला. चार मजले चढून तो गच्चीवर जायचा, मी खाली खिडकीशी टीव्हीसमोर उभी राहायची. तो वरून अँटेना फिरवत ओरडायचा, "चित्र इलां काय?" आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून सांगायची, अजून जरा चर्चगेटकडे, टीव्हीचा टॉवर त्याच बाजूला. मग तो वाकून विचारायचा, चर्चगेट खंयच्या बाजूक गो?